व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय? मग फाईल अशी लावा

दरवर्षी निकाल लागले की माझा फोन वाजू लागतो. पलीकडे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेलं किंवा बीएला मानसशास्त्र घेतलेलं एखादं पोरगं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, व्यसनमुक्तीच्या कौन्सिलरचं लायसन कुठे निघतं?" सेतू कार्यालयात निघत नाही, एवढं मी लगेच सांगतो. पुढचं उत्तर लांब आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत काम करायचं आहे असं धरून लिहिलंय.

आधी एक गैरसमज काढा. केवळ दारू आणि ड्रग्जच्या समुपदेशकासाठी वेगळा सरकारी परवाना भारतात नाही. इंटरनेटवर शोधलं की देखरेखीखाली केलेले हजारो तास, लेखी परीक्षा, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण असं बरंच वाचायला मिळतं. ते अमेरिकेचं आहे, आणि तिथेही राज्यागणिक नियम निराळे. ते वाचून घाबरू नका आणि आपल्याकडे काहीच नाही म्हणून सैलही होऊ नका. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पद १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली येतं. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना ती पाटी लावली, तर एक वर्षापर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड वाचून हसू येतं, कैद वाचून येत नाही. बीए मानसशास्त्रावर 'सायकॉलॉजिस्ट' छापलेली व्हिजिटिंग कार्डं मी आपल्या भागात पाहिली आहेत. तुमच्या कार्डावर 'समुपदेशक' एवढंच असू द्या.

त्या नोंदणीकडे जायचं असेल तर आजवर मान्यताप्राप्त संस्थेतली दोन वर्षांची एम.फिल. हा रस्ता होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद ठरली, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सवलत मिळाली. पुढे कोणता अभ्यासक्रम चालतो हे परिषदेच्या संकेतस्थळावरच्या संस्थांच्या यादीतून तपासा, क्लासवाल्याच्या फ्लेक्सवरून नको. दुसरा कायदा २०२१ चा, संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा. त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याचा एक गट आहे आणि त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय आणि मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, आरोग्य समुपदेशक यांची नावं आहेत. म्हणजे तुमच्या कामाला नोंदणी लागण्याची दिशा ठरलेली आहे. ती मागतील त्या दिवशी मार्कशीटसाठी विद्यापीठात चकरा नकोत. सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, फील्डवर्कची सही-शिक्क्याची नोंद, लेटरहेडवर तारखांसकट अनुभवपत्र, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि एमएस-सीआयटी एका फाईलमध्ये लावा. अनुभवपत्रात 'काम समाधानकारक' एवढंच लिहून घेऊ नका. किती पेशंट, किती कुटुंबं, किती गटसभा आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे त्यात लिहून घ्या.

पदवीबद्दल माझं मत ठाम आहे: एमएसडब्ल्यू करा आणि वैद्यकीय-मनोविकार हा विषय घ्या. मानसशास्त्रवाल्यांना राग येईल. पण आपल्याकडचा पेशंट खुर्चीत कमी आणि घरात जास्त कळतो, आणि गृहभेट शिकवतात समाजकार्यवाले. जळगाव, अमळनेर, चोपडा इथे समाजकार्य महाविद्यालयं आहेत. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूची एमएसडब्ल्यू दूरशिक्षणाने होते. फील्डवर्क वाटताना सोपं ठिकाण मागू नका. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनोविकार विभागाची ओपीडी मागा.

पदवीनंतर खास व्यसनमुक्तीचं प्रशिक्षण हवंच. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था (एनआयएसडी) दिल्लीला आहे. व्यसनमुक्ती समुपदेशनाचा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिनेच सुरू केला. या मंत्रालयाच्या अनुदानावरच्या पुनर्वसन केंद्रात अर्ज करताना तो कागद वजनदार ठरतो. आपल्याला जवळचं म्हणजे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलेलं. तिथे प्रशिक्षणाला गेलात तर व्याख्यानांच्या वह्या भरण्यापेक्षा पेशंटच्या बायकांच्या 'सहचरी' गटाबद्दल विचारा आणि परवानगी मिळाली तर मागे गप्प बसून ऐका. कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासक्रमावर बेतलेली व्यसनमुक्ती व्यावसायिकांची आयकॅप ही आंतरराष्ट्रीय परीक्षाही आहे. दोन-तीन वर्षं काम झाल्यावर तिचा विचार करा. आणि दोन दिवसांत ऑनलाइन मिळणारं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र फाईलमध्ये लावूच नका, बाकीचे कागदही त्याच्यामुळे खोटे वाटतात.

नोकरीची ऑफर आली की मुलाखत तुम्हीपण घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, त्यामुळे पेशंट ठेवून घेणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. नोंदणी नसलेल्या ठिकाणी जाणूनबुजून मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून काम करणाऱ्यालाही २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणून नोंदणीचा कागद दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही. भेट देणारा मनोविकारतज्ज्ञ कोण, तो किती दिवसांनी येतो, रात्री पेशंटला फिटचा झटका आला तर गाडी कोणाची, हे विचारा. माझ्या पहिल्या नोकरीत मुख्य दाराला बाहेरून कुलूप असायचं आणि किल्ली स्वयंपाक्याच्या कमरेला. मी कधी विचारलं नाही. पगार वेळेवर होत होता. आजच्या कायद्यात साखळीने बांधणं कोणत्याही रूपात चालत नाही, आणि हातपाय धरून ठेवायचे झाले तरी तत्काळ धोका टाळायला दुसरा उपाय नसताना आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनेच.

आता कागदांच्या पलीकडची तयारी. पोरं इथेच कमी पडतात, म्हणून इथे थांबतो.

पहिला प्रश्न 'का पिता?' हा नाही. पहिला प्रश्न: शेवटची कधी घेतली? रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींचं भान सुटतं, नसलेलं दिसू लागतं, आणि वेळेत दवाखाना मिळाला नाही तर माणूस दगावू शकतो. मी नवीन असताना रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी भावासोबत आला होता. "तीन दिवसांपासून थेंब नाही सर," भाऊ अभिमानाने म्हणाला. मीही शाबासकी दिली, चहा पाजला आणि पुढच्या आठवड्याची वेळ दिली. संध्याकाळी तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. घरचे म्हणाले बाहेरचं आहे, आणि गाडी दवाखान्याऐवजी भगताकडे वळली. तिथून तो जिल्हा रुग्णालयात पोचला आणि वाचला, त्यात माझं कर्तृत्व शून्य. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे शेवटच्या घोटाची तारीख आणि वेळ असते. तुम्ही औषध द्यायचं नाही, पण डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे तुम्हालाच कळायला हवं. रोज पिणाऱ्याला 'आजपासून घरीच बंद कर' असं कधीच सांगू नका.

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. धुळे-मालेगाव पट्ट्यात 'कुत्ता गोळी' हा शब्द ऐकू येईल. त्या गोळ्या एकदम सोडल्या तरी झटके येतात. पेशंट दारूचं सांगतो आणि गोळीचं लपवतो, कारण दारू बापही पीत होता, गोळी नाही. म्हणून गोळी, गांजा, कोडीनचं सिरप असं एकेकाचं नाव घेऊन विचारा.

दुसरी तयारी मापाची. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी पाठ करा. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की लक्ष द्यायचं. त्यात 'एका दिवशी किती ड्रिंक' असं विचारतात. आपल्या माणसाला ड्रिंक कळत नाही, क्वार्टर कळते. क्वार्टर म्हणजे १८० मिलि. ४२.८ टक्क्यांची असेल तर तिच्यात साधारण ६० ग्रॅम मद्यार्क, म्हणजे १० ग्रॅमच्या मापाने सहा ड्रिंक. 'सर, मी फक्त एक क्वार्टर' म्हणणाऱ्याची सहा झालेली असतात. हातभट्टीला हे गणित लागू पडत नाही, तिचा कडकपणा भट्टीगणिक बदलतो. तिथे ग्लास किती, पैसे किती, सकाळी उठल्यावर पहिली लागते का, असं विचारा.

तिसरी तयारी भाषेची, आणि ती कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. "आपण किती प्रमाणात मद्यसेवन करता?" असं विचारलं की समोरचा सरळ बसतो आणि खोटं बोलतो. "भाऊ, कितली लेतस?" म्हटलं की खांदे सैल होतात. अहिराणी येत नसेल तर सहा महिने बाजारात बसा. सातपुड्यात जायचं असेल तर पावरी किंवा भिली बोलणारा, आपला म्हणावा असा एक माणूस सोबत हवा, आणि तो पेशंटचा नातेवाईक नको. तिकडे मोहाची दारू देवाला वाहतात, लग्नात वाटतात. तिला पाप म्हणालात की दुसऱ्या भेटीला कोणी येत नाही. पूजेची धार वेगळी आणि रोज पहाटेची वेगळी, हा फरक गावातले जुनेजाणते स्वतः करतात. त्यांच्याकडूनच तो पेशंटसमोर वदवून घ्या.

बायकोला काय सांगायचं तेही ठरवून ठेवा. ती हमखास विचारेल: "जेवणात टाकायची गोळी मिळते ना?" ती म्हणते ती गोळी म्हणजे डायसल्फिरम. ती घेतलेल्याने दारू घेतली की जीव घाबरा होतो, रक्तदाब उतरतो, प्रसंगी मृत्यू येतो. ती गोळी डॉक्टरने द्यायची, पेशंटला सांगून, आणि शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी. पिठात कालवून नाही. हे तिला ओरडून सांगू नका, ती थकलेली असते.

गुप्ततेचा कागद पहिल्या दिवशी तयार ठेवा. पेशंटची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या कायद्याने त्याचा हक्क आहे. सरपंचाचा फोन येईल, मालकाचा येईल, सोयरीक जुळवणाऱ्या मामाचा तर नक्की येईल. 'तो आमच्याकडे येतो' हेसुद्धा सांगायचं नाही. एक अपवाद पक्का पाठ करा: बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर पॉक्सो कायद्याखाली ती कळवावीच लागते. कायद्याचं आणखी एक: कमी प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातलं कलम ६४ अ त्याला खटल्यापासून संरक्षण देऊ शकतं. ते त्याच्या वकिलाला दाखवा, स्वतः वकिली करू नका.

स्वतः दारूतून बाहेर आलेले काहीजण हे काम करू इच्छितात. या, तुमची गरज आहे. पण माझ्या हिशेबाने दोन वर्षं कोरडी जाऊ द्या आणि पदवीची सुटका तुम्हालाही नाही. पेशंटसमोर आपलीच कहाणी सांगत बसण्याचा मोह फार असतो.

व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. आणि एक भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, मराठी, तिथीवालं. डिस्चार्ज झालेल्यांच्या फॉलोअपचे फोन त्यावर आखायचे: होळीआधीचे भोंगऱ्या बाजार, पोळा, सारंगखेड्याची यात्रा, लग्नसराई, कापसाचे पैसे हातात येण्याचे दिवस. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्यांचे नंबर वेगळे लिहा. तिकडे दारूबंदी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं तिकडे आणि अर्धं इकडे आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते बसतात, पत्त्यांसोबत बाटली बसते, आणि सासुरवाशिणी माहेरी गेलेल्या असल्याने घरात टोकणारं कोणी नसतं. त्या आठवड्यात सुट्टी मागू नका.