तान्ह्या बाळाला क्रूझवर नेताना

तिकीट काढण्याआधी बाळाचं वय बघा. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि सलग तीन-चार दिवस समुद्रातच काढायचे असतील तर वर्ष पूर्ण लागतं. वय धरतात ते जहाज सुटण्याच्या दिवसाचं, बुकिंगच्या नाही.

पोहण्याचं मात्र आधीच विचारून घ्या. डायपर सुटलेला नसेल तर मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही. काही जहाजांवर छोट्यांसाठी वेगळी पाण्याची जागा असते, काहींवर नसते. कडेवरचं पोर पाण्याकडे झेपावतंय आणि आपण त्याला दुसरीकडे वळवतोय, हे आठवडाभर करणं सोपं नाही. मुलांचे क्लबही बहुधा तीन वर्षांपुढचेच.

मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात. त्या खोलीत कधीकधी संध्याकाळी पोचतात. म्हणून डायपर, दूध पावडर, औषधं आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत. पावडर पूर्ण सहलीची न्या, वर दोन दिवसांची जास्त. जहाजावरच्या दुकानावर विसंबू नका.

पाळणा बुकिंगच्या वेळीच मागा. तो उघडला की खोलीत चालायला जागा उरत नाही, त्यामुळे बाबागाडी बारीक घडी होणारीच हवी. बऱ्याच न्हाणीघरांत फक्त शॉवर असतो. हवा भरायचा छोटा टब नेलात तर दिवसा त्यातच खेळणीही मावतात.