लिनोकटच्या २० प्रती छापायच्या दिवशी

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (लिनोवर) चित्र कोरून, त्याला शाई लावून कागदावर घेतलेला ठसा. लिनो कोरताना सगळं शांत असतं. छपाईच्या दिवशी शाई दाराच्या कडीपर्यंत पोचते, आणि प्रत वाया जाते ती बहुतेक वेळा समासावर उमटलेल्या अंगठ्यामुळे. म्हणून डबा उघडण्याआधीच टेबल वाटून घ्या: एका बाजूला काच, रोलर, लिनो, दुसऱ्या बाजूला फक्त कागद. दोघं असाल तर एकाने शाईला हातच लावू नये. एकटे असाल तर जाड कागदाचे छोटे तुकडे मधोमध दुमडून ठेवा आणि कागद त्या चिमट्यांनीच उचला.

२० प्रती हव्यात तर २५ कागद कापा. चाचणीसाठी न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा कागद) वेगळा. २०×२५ सेंमीच्या लिनोला ३०×३५ सेंमीचा कागद घेतला की चारी बाजूंना ५ सेंमी समास राहतो. फळीवर लिनोइतक्याच जाडीच्या, ७ सेंमी रुंद पट्ट्यांचा काटकोन चिकटवा. लिनो त्या कोपऱ्यात बसतो. कागदाचा कोपरा कुठे टेकवायचा ते पट्ट्यांवर पेन्सिलने आखा.

आता शाई. तेलाची शाई चमचाभर घ्या, चपट्या सुरीने दोन मिनिटं मळा आणि काचेच्या वरच्या कडेला पातळ ओळीत लावा. तिथून रोलरने थोडी थोडी खाली ओढा. प्रत्येक फेरीनंतर रोलर उचला, नाहीतर तो तीच जागा पुन्हा पुन्हा माखतो. इथे कान द्यायचा. बारीक 'सर्र' आवाज आला की थर बरोबर. 'चटचट' आवाज आणि संत्र्याच्या सालीसारखा पोत म्हणजे शाई जास्त: बारीक रेषा हमखास बुजणार. मग काच खरवडून पुन्हा सुरुवात करा, जास्तीची शाई पसरवत बसू नका.

थर जमला की रोलर लिनोवर फिरवा, लिनो काटकोनात बसवा आणि कागद खुणेला टेकवून वर ठेवा. पहिले तीन-चार ठसे फिके येतात, ते न्यूजप्रिंटवर घ्या. स्टीलच्या चमच्याची पाठ कागदाच्या मागच्या बाजूवर मधून कडांकडे गोल गोल घासा. एक कोपरा उचलून बघा. मिठासारखे पांढरे ठिपके दिसले तर कागद न हलवता पुन्हा घासा. एकाच जागी प्रत्येक प्रतीत ठिपका येत असेल तर लिनोवर कचरा चिकटलाय, चिकटपट्टीने उचला.

प्रती कपड्यांच्या चिमट्यांनी दोरीवर टांगा, रचून ठेवू नका. पावसाळ्यात वाळायला आठवडाही लागतो. सही प्रत वाळल्यावरच, पेन्सिलने: डावीकडे ३/२० (म्हणजे वीसपैकी तिसरी प्रत), मध्ये शीर्षक, उजवीकडे नाव.

साफसफाईला आधी खाण्याचं तेल, मग साबण. लिनो पाण्यात बुडवू नका, मागचं तागाचं कापड फुगतं. रोलर उताणा ठेवा. रबरावर टेकून ठेवला तर सपाट खाच पडते. जवसाच्या तेलाच्या शाईची फडकी मात्र कधीही बोळा करून टाकू नका: तेल वाळताना तापतं आणि ढीग आपोआप पेटू शकतो. ती पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.