बदललेल्या इंजिनात डिपस्टिकवर डोळे झाकून भरवसा नको

मोठा संप (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे), ऑइल कूलर किंवा दुसऱ्या गाडीची डिपस्टिक नळी बसवली की डिपस्टिकवरच्या, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरच्या, कंपनीच्या खुणा निरुपयोगी ठरतात. खुणा नव्याने करा.

गाडी सपाट जागी उभी करा. जुने ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला. एकूण मात्रेचा हिशेब असा: संप बनवणाऱ्याने दिलेली क्षमता, अधिक फिल्टर, कूलर आणि पाइप. १३ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपात दर मीटरला साधारण १३० मिली ऑइल मावते; लोक नेमके हेच विसरतात.

आधी एकूण मात्रेपेक्षा १ लिटर कमी ओता. इंजिन सुरू करा आणि ऑइल प्रेशर येते का पाहा. आले नाही तर लगेच बंद करा. कूलरला थर्मोस्टॅट (ऑइल तापल्यावरच कूलरची वाट उघडणारी झडप) असेल तर ऑइल ८०–९० अंशांपर्यंत तापू द्या, नाहीतर कूलर रिकामाच राहतो आणि पातळी खोटी दिसते. बंद करून १० मिनिटे थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि ऑइलच्या रेषेवर कानशीने बारीक खाच पाडा. ही किमान खूण. उरलेले १ लिटर घालून पुन्हा १० मिनिटांनी कमाल खूण करा.

‘थोडे जास्त असलेले बरे’ हा समज महागात पडतो. पातळी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) लागली की ऑइल घुसळून फेसाळते, प्रेशर डळमळते, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर येते. कमी असेल तर जोरात वळताना पिकअप (संपमधून पंपाकडे ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो आणि बेअरिंग जातात. ड्राय संपला, म्हणजे जिथे ऑइल इंजिनाखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवतात, ही पद्धत लागू नाही. तिथे पातळी सहसा टाकीत, गरम इंजिन चालू ठेवून बघतात.