हंसाच्या घरट्यातली अंडी गायब झाली? आधी या चुका टाळा

काल संध्याकाळी चार अंडी मोजली होती, आज सकाळी बघतोय तर दोनच, मादी तिकडं पाण्यात निवांत फिरतीये आणि नर येणाऱ्याजाणाऱ्यावर फिस्कारत सुटलाय. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनकडच्या शहरातल्या पार्कात हे ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पाच मिनिटांत घोळका जमतो, एक म्हणतो कुत्र्यानं खाल्ली, दुसरा म्हणतो पोरांनी पळवली, तिसऱ्याला खात्री असते की पार्कवाल्यांनीच गुपचूप उचलली, आणि मग सगळे मिळून मदतीला लागतात. खरा लोचा तिथून सुरू होतो, कारण उरलेली दोन अंडी बऱ्याचदा या मदतीतच जातात.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. मराठीत हंस म्हटलं की पांढराशुभ्र, बाकदार मानेचा स्वान डोळ्यापुढं येतो. मी बोलतोय ते गूजबद्दल, म्हणजे काळ्या मानेचा, गालावर पांढरा पट्टा असलेला कॅनडा गूज, नाहीतर युरोपातला करड्या रंगाचा ग्रेलॅग. खाली जे आकडे आहेत ते कॅनडा गूजचे, कारण पार्कात सगळ्यात जास्त वादावादी त्याच्यावरूनच होते.

मादी बसलेली नाही, म्हणजे घरटं सोडलं

ही सगळ्यात कॉमन चूक. मादी सगळी अंडी एका दिवसात घालत नाही, साधारण दीड दिवसाला एक, अशी बहुतेक वेळा ५-६ अंडी होतात, म्हणजे नुसतं घालायलाच आठवडाभर जातो. आणि हा अख्खा आठवडा ती अंड्यांवर नीट बसतच नाही. कोंबडी कशी खुडूक झाल्याशिवाय बसत नाही, तसंच काहीसं, शेवटची अंडी झाली की मगच ती ठाण मांडते. याचं कारण एकदम हुशारीचं आहे, ऊब मिळेपर्यंत अंड्यातली वाढ सुरू होत नाही, त्यामुळं पहिलं अंडं आणि शेवटचं अंडं जवळपास एकाच वेळी फुटतं आणि सगळी पिल्लं एकदम पाण्याकडं नेता येतात.

मग या आठवड्यात अंडी उघडी पडतात का, तर नाही. ती जाताना गवत, काटक्या आणि स्वतःच्या पोटाची मऊ पिसं वरून ओढून घेते. लांबून बघणाऱ्याला वाटतं घरटं रिकामं, अंडी गेली. अहो, अंडी तिथंच असतात, पांघरुणाखाली! काल पांघरूण सरकलेलं होतं म्हणून चार दिसली, आज दोन झाकली गेली म्हणून दोन दिसतायत, एवढंच असू शकतं.

बसायला लागल्यावर पुढं २५ ते २८ दिवस फक्त मादीच बसते, नर आसपास पहारा देतो. या दिवसांत ती जेमतेम खाते, चांगलीच वाळते, पण पाणी प्यायला, अंग धुवायला, चार घास चरायला मधूनमधून उठतेच. तेव्हा ती तळ्यात दिसली म्हणून लगेच फोनाफोनी करू नका. तास-दोन तास थांबा, लांबून बघा, दुर्बीण नसेल तर फोनचा झूम पुरतो.

रोज जाऊन मोजणं

ही चूक मी स्वतः केलीये, तीही चांगली दहा-बारा दिवस. तळ्याच्या कडेला उंच गवतात घरटं होतं, मी रोज सकाळी गवतातून आत जायचो, मोजायचो, वहीत लिहायचो, फार शास्त्रीय काम चाललंय असं वाटायचं. एके दिवशी मागं वळून बघितलं तर माझ्या बुटांनी गवतात सरळ पायवाट पडली होती, रस्त्यापासून थेट घरट्यापर्यंत, आणि दोन कावळे झाडावर बसून माझ्याकडं बघत होते. दोन दिवसांनी घरटं रिकामं. कावळ्यांनीच केलं की त्या पायवाटेनं कोणी कुत्रं आत गेलं ते मला आजही सांगता येणार नाही, पण वाट मीच करून दिली होती हे नक्की.

जवळ गेलं की होतं काय, तर मादी दचकून उठते, आणि दचकून उठलेली मादी अंडी झाकायला थांबत नाही. नर तुमच्याशी भांडण्यात गुंतलेला. म्हणजे पांघरूणही नाही आणि पहारेकरीही नाही, कावळ्याला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार. भरीला कडक ऊन असेल तर उघड्या अंड्यातला जीव तापून जाऊ शकतो. लोक अंडी गार पडण्याची काळजी करतात, पण थोडा वेळ गारवा अंडी सहन करतात (मादी रोज उठतेच की), उन्हात भाजणं त्यापेक्षा वाईट.

माणसाचा हात लागला की पक्षी घरटं सोडतो असं जे म्हणतात तेवढ्यावर जाऊ नका, प्रश्न हाताचा कमी आणि पुन्हा पुन्हा उठवण्याचा जास्त आहे.

टरफलं न बघताच चोर ठरवणं

अंडी खरंच गेलीत असं पक्कं झालं, मग लांबूनच बघा की मागं काय उरलंय. आणि सगळ्यात आधी हे बघा की ती फुटून पिल्लं तर बाहेर आली नाहीत! हसू नका, चौथ्या आठवड्यानंतर रिकामं घरटं बघून हळहळणारी माणसं मी पाहिलीयेत आणि त्याच वेळी पलीकडच्या काठावर ती मादी पिवळीधमक पिल्लं घेऊन चरत होती. हंसाची पिल्लं चिमणीसारखी घरट्यात राहत नाहीत, एक-दोन दिवसात आईमागं चालायला लागतात. पिल्लू बाहेर पडलेल्या अंड्याची रुंद बाजू टोपी काढल्यासारखी कापली गेलेली असते, आतला पापुद्रा सुकून चामड्यासारखा सुटा झालेला असतो आणि बलकाचा डाग नसतो.

खाल्लेल्या अंड्याचं तसं नसतं. बलक सांडलेला, चिकट, कधी रक्ताचे ठिपके. कावळा किंवा सीगल असेल तर अंड्याच्या अंगाला वेडंवाकडं भोक पडलेलं सापडतं, कधी टरफल घरट्यापासून बरंच लांब. रकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजराएवढा अमेरिकेतला प्राणी) असेल तर घरट्यात किंवा शेजारीच चावून चुरडलेली टरफलं आणि पसरलेली पिसं. कोल्हा मात्र अंडं अख्खं तोंडात धरून नेतो आणि नंतरसाठी पुरूनही ठेवतो, म्हणजे मागं काहीच नाही. त्यामुळं "टरफलं नाहीत म्हणजे माणसानंच चोरली" हा हिशोब चुकीचा आहे. एका खुणेवरून कुणालाच फासावर चढवू नका, कावळ्यानं फोडलेलं अंडं नंतर उंदीर येऊन कुरतडतो आणि सगळा पुरावा मिसळून जातो.

पाणी हा चोर तर कुणाच्या लक्षातच येत नाही. हंसाचं घरटं जमिनीवर आणि बहुतेकदा पाण्याजवळ, एखादा जोराचा पाऊस झाला किंवा तळ्याची पातळी वाढवली की घरटं भिजतं, अंडी वाहून बाजूच्या लव्हाळ्यात अडकतात. आजूबाजूच्या गवतावर चिखलाची रेघ दिसतीये का बघा.

उलटंही होतं बरं का, एक-दोन अंडी अचानक जास्त दिसतात. दुसरी मादी येऊन याच घरट्यात अंडं टाकून जाते, हंसांमध्ये हे चालतं. मोजणी जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसू नका.

घरंगळलेलं अंडं उचलून आत ठेवणं

घरट्याच्या काठाशी एखादं अंडं बाहेर पडलेलं दिसलं की हात शिवशिवतात, समजू शकतो. पण हे काम मादीला आपल्यापेक्षा चांगलं जमतं. कोनराड लोरेंझ आणि निको टिनबर्गेन या प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी १९३८ साली ग्रेलॅग हंसावर याच गोष्टीचा अभ्यास छापला होता. मादी मान लांब करते, चोचीची खालची बाजू अंड्याच्या पलीकडं टेकवते आणि डावीउजवीकडं तोल सांभाळत अंडं आत ओढून आणते. गंमत म्हणजे मधेच अंडं काढून घेतलं तरी ती रिकामी चोच घरट्यापर्यंत ओढत आणते, एकदा सुरू झालेली हालचाल पूर्ण करूनच थांबते. तर तिला वेळ द्या. आणि घरट्यापासून फार लांब पडलेलं, तडा गेलेलं अंडं असेल तर ते आत ठेवूनही उपयोग नाही, फुटलं की वासावर अंडी खाणारे प्राणी येतील.

अंडी घरी नेऊन उबवणं

मनापासून सांगतो, नका करू. इन्क्युबेटर विकत मिळतो म्हणून आई होता येत नाही. याच लोरेंझनं १९३५ मध्ये दाखवून दिलं की हंसाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर जो कोणी हलताबोलता पहिला दिसेल त्याच्यामागं लागतात, त्याच्या स्वतःच्या मागं पिल्लांची रांग लागायची. फोटोत गोड दिसतं, पण माणसालाच आपला समजणारा हंस पुढं मोठा झाल्यावर ना धड हंसांत रमतो ना माणसांत. शिवाय कायदा आहे. अमेरिकेत १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, कॅनडात त्याच धर्तीचा १९९४ चा, ब्रिटनमध्ये १९८१ चा वन्यजीव कायदा, या सगळ्यांत परवानगीशिवाय अंडी उचलून नेणं गुन्हा आहे. "मी वाचवत होतो" हे तिथं चालत नाही. अंडी धोक्यात आहेत असं वाटलं तर वन्यप्राणी सांभाळणाऱ्या परवानाधारक माणसाला फोन करा.

अंडी आहेत पण फुटतच नाहीत

हा वेगळाच प्रॉब्लेम, आणि यात लोक फसतात. २८ दिवस होऊन गेले, मादी अजून बसलीये, अंडी दिसायला ठणठणीत. कधी अंडी वांझ असतात, मादी साधारण तिसऱ्या वर्षापासून अंडी घालते आणि पहिल्या खेपेला गडबड होऊ शकते. पण शहरात आणखी एक शक्यता असते. हंसांची संख्या आवरायला पार्कवाले बऱ्याच ठिकाणी अंड्यांना मक्याचं तेल चोळतात. टरफलाची बारीक छिद्रं बुजतात, आत हवा जात नाही, वाढ थांबते. अंडी उचलून का नेत नाहीत, तर लवकर नेली तर मादी दुसऱ्यांदा घालू शकते, तेल लावलेल्या अंड्यांवर मात्र ती बसून राहते. अमेरिकेत २००६ पासून यासाठी ऑनलाइन नोंदणी चालते आणि काम १ मार्च ते ३० जून या काळातच करायचं असतं. सभ्यपणे करणारे आधी अंडं पाण्यात सोडून बघतात, बुडालं तर वाढ सुरुवातीची, तरंगलं तर आत पिल्लू बरंच मोठं झालंय, मग हात लावत नाहीत. (हा प्रयोग तुम्ही करायचा नाहीये, माहिती म्हणून सांगितलं.)

मला हे आवडतं का, नाही आवडत. पण १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये विमानाच्या इंजिनांत कॅनडा गूज गेले आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं, त्यानंतर तिथल्या पार्कांतून मोठे हंस पकडून मारले गेले. त्याच्यापुढं अंड्यांना तेल बरं म्हणायची वेळ येते. म्हणून अंडी गायब झाली किंवा फुटली नाहीत तर पहिल्यांदा पार्कच्या ऑफिसात शांतपणे विचारा की इथं असं काही चालतं का. व्हिडिओ काढून आरडाओरडा नंतरही करता येतो.

बाकीच्या छोट्या चुका पटापट सांगतो

घरट्याजवळ ब्रेड टाकू नका. मादीला खायला मिळेल या हिशोबानं टाकता आणि कावळे, सीगल, उंदीर जेवायला येतात, मग गोड म्हणून अंडी. कुत्र्याचा पट्टा सोडू नका, "आमचा काही करत नाही" म्हणणाऱ्यांचाच आधी करतो. नर अंगावर आला तर पळू नका, पाठ दाखवू नका, तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरका, आणि काठी तर अजिबात उगारू नका, तो मागं हटत नाही आणि मादी उठते.

घरट्याभोवती जाळी ठोकणं हा आणखी एक उत्साही प्रकार. चारी बाजूंनी बंद केलं तर पिल्लं बाहेर कुठून पडणार? जाळीत पाय अडकतात ते वेगळंच. काही करायचंच असेल तर पार्कवाल्यांना सांगून थोड्या अंतरावर नुसती दोरी आणि एक पाटी लावून घ्या, जमलं तर तेवढ्यापुरती पायवाट वळवून घ्या, आणि त्या महिन्यात तळ्याची पातळी वरखाली न करण्याची विनंती करा. कुंडीत किंवा गच्चीवर घरटं असेल तर आत्तापासूनच विचारून ठेवा की पिल्लं खाली कशी येणार, कारण कठडा उंच असेल तर अंडी वाचूनही पिल्लं अडकतात.

सगळीच गेली तर

सुरुवातीलाच गेली असतील, म्हणजे घालायच्या आठवड्यात किंवा बसायच्या पहिल्या दिवसांत, तर जोडी जवळपास कुठंतरी परत घालू शकते, त्यामुळं त्यांना त्या कोपऱ्यातून हुसकवू नका. उशिरा गेली तर त्या वर्षीचं संपलं. मग काही दिवसांनी ती जोडी पार्कातून नाहीशी होते आणि लोक म्हणतात दुःखानं निघून गेली. तसं नसतं, उन्हाळ्यात हंसांची उडायची पिसं एकदम गळतात आणि महिनाभर उडता येत नाही, पिल्लं नसलेल्या बऱ्याच जोड्या त्याआधी उत्तरेकडं सुरक्षित पाण्यावर निघून जातात, पिल्लांवाल्या मात्र तिथंच थांबतात. मादी सहसा जुन्याच जागी परत येते, तेव्हा जागेत काही सुधारायचं असेल, बेटावर किंवा पाण्यात उंच चौथरा वगैरे करून द्यायचा असेल, तर पार्कवाल्यांच्या मागं थंडीतच लागा. घरटं बांधायला सुरुवात झाली की मग तिकडं फावडं घेऊन कोणीच जायचं नाही.