कवडशावरून संपाताचा क्षण

सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या पातळीपासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेलं कोनीय अंतर, शून्य होते तो क्षण म्हणजे संपात. क्रांतीचा तक्ता हाताशी असेल तर काम पाच मिनिटांचं. २० मार्च २०२६ ला पहाटे साडेपाचला क्रांती उणे (दक्षिणेला) १४.६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), २१ ला त्याच वेळी अधिक ९.१. चोवीस तासांत फरक २३.७. १४.६ ला २३.७ ने भागून २४ ने गुणलं की १४ तास ४७ मिनिटं, म्हणजे रात्रीचे ८:१७. खरा क्षण ८:१६.

हाच क्षण घरातल्या कौलातून काढणं जास्त रंगतदार. रत्नागिरीकडच्या बिनमाळ्याच्या कौलारू खोलीत काचेच्या कौलाला आतून काळा पुठ्ठा लावा आणि पुठ्ठ्याला ४ मिमीचं भोक पाडा. सारवलेली जमीन कधीच सपाट नसते, म्हणून खाली प्लायवूड टाकून पाणसळीने समतल करा. भोकातून ओळंबा सोडून त्याचा पाय प्लायवर खुणावा. वाऱ्याने गोळा हलतो; तो बादलीभर पाण्यात बुडवून स्थिर करा, मग खूण प्लायवर उतरवा.

प्लायपासून भोकाची उंची स्टीलच्या टेपनेच मोजा. सुती दोरा ताणतो, आणि उंचीत १ सेंमी चुकलात तर उत्तर पावणेतीन तासांनी हुकतं. अक्षांशही तसाच नाजूक: ०.०१ अंशाला ३६ मिनिटं. फोनवरून चार दशांश स्थळांपर्यंत घ्या.

संपाताला मध्यान्ही, म्हणजे सूर्य सगळ्यात उंच असताना, कवडसा ओळंब्याच्या पायापासून उंची × टॅन (अक्षांश) इतका उत्तरेला पडतो. ३५०० मिमी उंची आणि १६.९९ अंशांना १०६९ मिमी. रत्नागिरीचा मार्चातला मध्यान्ह १२:४४ चा. १२:३० पासून दर दोन मिनिटांनी कवडशाच्या दोन्ही कडा खुणावून मध्य काढा. कडा धूसरच असतात, कारण सूर्य बिंदू नाही. पायापासूनचं सगळ्यात कमी अंतर धरा. समजा २० ला १०७७ आणि २१ ला १०५१ आलं: (१०७७ − १०६९) ÷ २६ × २४ = ७ तास २३ मिनिटं, म्हणजे ८:०७. वातावरण सूर्याला सुमारे १७ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वर उचलतं; क्रांती मिनिटाला साधारण एक विकला बदलते, म्हणून त्याची १७ मिनिटं मिळवा: ८:२४. इतकं जवळ आलं तर नशीब. एका मिलिमीटरला पाऊण तासाहून जास्त जातो. म्हणून पाच दिवस मोजून आलेखावर सरळ रेषा काढावी.

सप्टेंबरातल्या संपाताला मध्यान्ह १२:२९ ला, आणि १७ मिनिटं वजा करायची. पण तेव्हा कोकणात पाच दिवस दुपारचं ऊन मिळणं कठीण.