धान निसवतोय: परदेशी बाजाराचा हिशेब आत्ताच करा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बांध्यांमध्ये (धानाच्या खाचरांमध्ये) लवकर येणारा हलका धान निसवला आहे, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या आहेत. उशिरा येणारा भारी धान पोटरीत आहे, त्याची लोंबी अजून आतच आहे. कृषी केंद्रांवर औषधासाठी गर्दी आहे आणि पारावर दरवर्षीचा प्रश्न पुन्हा निघाला आहे, "पुढच्या खरिपाला बासमती लावावा का? बाहेरदेशी लई भाव आहे म्हणतात."

भाव आहे, हे खरं. २०२४-२५ मध्ये देशातून सुमारे ६० लाख टन बासमती बाहेर गेला. सौदी अरेबिया, इराक आणि इराण ही त्याची मोठी गिऱ्हाइकं. पण २०१६ पासून 'बासमती' या नावाला भौगोलिक मानांकन आहे. पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूकडचा थोडा भाग, एवढ्याच मुलखातल्या धानाला ते लावता येतं. शेजारच्या मध्य प्रदेशाने आपले १३ जिल्हे त्यात यावेत म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. विदर्भ तर त्या नकाशाच्या जवळपासही नाही. आपल्या बांधीत पुसा ११२१ हा बासमतीचा वाण कितीही लांब दाण्याचा पिकला, तरी पोत्यावर बासमती छापून तो जहाजात चढवता येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत तो लावून पाहिला. राईस मिलवर मूठभर धान हातावर चोळून सोलला गेला, दाणे तळहातावर पसरले, वास घेतला गेला आणि साध्या बारीक धानाच्या भावातच गाडी काट्यावर चढली. वासाचंही कारण आहे. बासमतीच्या दाण्यात सुगंध उतरायला दाणा भरताना गार रात्री लागतात, आणि आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो. त्यामुळे कोणी दारात येऊन 'निर्यातीचं बासमती बियाणं' विकत असेल, तर घेऊ नका. करार करून देतो म्हणाला, तरी खरेदीदाराचं नाव, भाव आणि माल कधी उचलणार, हे कागदावर असल्याशिवाय एक किलोही पेरू नका.

आपल्याकडे स्वतःचं धन आहे. सुगंधी चिन्नोर धान आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून घडवलेला एचएमटी वाण आहे. जय श्रीराम हा वाण आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बालाघाट गोंदियाला लागूनच आहे. या धानाला बाहेरची वाट मिळवायची असेल, तर बासमतीवाल्यांनी जे ठेच खाऊन शिकलं, ते आपण फुकट शिकून घ्यावं. त्यातला पहिला धडा फवारणीचा, म्हणून हे आज लिहितो आहे.

करपा या बुरशीच्या रोगासाठी आपल्याकडे ट्रायसायक्लाझोल सर्रास मारलं जातं. युरोपने २०१७ मध्ये तांदळातल्या त्याच्या अंशाची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली. म्हणजे एका क्विंटल तांदळात फक्त १ मिलिग्रॅम. तेव्हापासून उत्तरेतल्या बासमतीला युरोपात अडचणी येऊ लागल्या. पुढे पंजाब सरकारने बासमतीच्या हंगामात ६० दिवसांसाठी दहा औषधांच्या विक्रीवर बंदी घातली. ट्रायसायक्लाझोल, बुप्रोफेझिन, ॲसिफेट, क्लोरपायरीफॉस, प्रोपिकोनॅझोल, हेक्साकोनॅझोल, थायोमेथॉक्झाम, प्रोफेनोफॉस, इमिडाक्लोप्रिड, कार्बेन्डाझिम, ही ती नावं. आपल्या कृषी केंद्राच्या फळीवर यातली बहुतेक मिळतील. आपल्याला तशी बंदी नाही. पण ज्याला माल बाहेर पाठवायचा आहे त्याने हीच यादी भिंतीवर चिकटवावी आणि लोंबी बाहेर पडल्यानंतर यातलं काहीही मारू नये. डब्यावर लिहिलेले प्रतीक्षेचे दिवस (शेवटची फवारणी ते कापणी यांतलं अंतर) आपल्या देशातल्या मर्यादेसाठी असतात, ते पाळले म्हणून युरोपची चाचणी पास होईलच असं नाही.

तुडतुडे (रस शोषणारे किडे) आहेत का, हे बांधावरून कळत नाही. आत उतरा, रोप हाताने बाजूला करून पाण्यालगतचा बुंधा बघा. एका रोपावर दहाच्या आत असतील, तर औषधाची घाई नको. बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढून टाका, युरियाचा हात आखडा. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढायचा, ही सवय सर्वांत जास्त नुकसान करते.

लोंबीच्या मानेवर करपा आलाच, तर पीक हातचं घालवू नका. कृषी सहायकाला दाखवा, औषध मारा, पण त्या बांधीचा धान वेगळा कापा, वेगळा भरा आणि आधारभूत खरेदी केंद्रावर द्या. निर्यातीच्या ढिगात त्याचं एक पोतंही मिसळलं, तर सगळा ढीग बाद होऊ शकतो.

आता कापणी. लोंबीतले ८० ते ८५ टक्के दाणे सोनेरी झाले की विळा लावा. पार वाळेपर्यंत उभा ठेवला तर दाण्याला चिरा पडतात. हार्वेस्टर आणणार असाल तर त्याच्या टाकीत आधीच्या शेताचा धान उरलेला असतो. मशीन रिकामं चालवून घ्या, तरी पहिली दोन पोती बाजूलाच काढा. चिन्नोरात सुवर्णा या दुसऱ्या वाणाचे दाणे दिसले की खरेदीदार भाव पाडतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

हाताने कापलात तर कडपा (कापून पसरलेला धान) शेतात पडलेला असताना पाऊस येण्याची भीती असते. भिजलेल्या दाण्यावर बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं, आणि युरोपात त्याची एकूण मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. आभाळ असेल तर एका दिवसात उचलता येईल तेवढंच कापा. भिजलेला कडपा कोरड्या पुंजण्यात (रचलेल्या ढिगात) घालू नका.

डांबरी रस्त्यावर धान वाळवणं थांबवा. दुपारी खालून-वरून भाजलेला दाणा रात्री दवात भिजतो आणि आतून तडकतो. मूठभर धान सोलून तांदूळ उजेडात धरा, दाण्यावर आडवी रेघ दिसली की मिलमध्ये तो तिथेच तुटणार. ताडपत्रीवर दोन बोटं जाड थर पसरा, दर तासाला पाय फिरवून उलटा करा, सांजेला गोळा करून झाका. खरेदी केंद्रावर १७ टक्के ओलावा चालतो, साठवणीला १४ टक्क्यांच्या आत हवा.

बाहेरचा बाजार सरकारच्या एका आदेशाने बंद होतो, हेही धरून चाला. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली, ती सप्टेंबर २०२४ मध्ये खुली झाली. सगळा माल निर्यातीच्या भरवशावर घरात अडवून ठेवू नका. एकट्याने कंटेनर भरत नाही, त्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट लागतो. एका गावाने एकच वाण लावला, एकच फवारणी वही ठेवली, तर खरेदीदाराशी बोलायला तोंड राहतं.

वही आजच सुरू करा. बांधीचं नाव, वाण, रोवणीची तारीख, मारलेलं औषध, डब्यावरचा बॅच नंबर. मळणीच्या दिवशी प्रत्येक ढिगातून दोन किलो धान कापडी पिशवीत काढा, हीच माहिती चिठ्ठीवर लिहून आत टाका आणि पिशवी घरात कोरड्या जागी टांगून ठेवा. खरेदीदार नमुना मागायला आला, तर पोती फोडावी लागणार नाहीत.