टी-शर्टवरचा फोटो कोणाचा?

खानदेशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाआधीची धावपळ. जळगावात अहिराणी गायकाचे टी-शर्ट छापायला घेतले, स्क्रीनवर काळी शाई ओतली, तोच धुळ्याहून फोटोग्राफरचा फोन: "भाऊ, तो फोटो मना शे." म्हणजे माझा आहे.

गायकाची लेखी परवानगी होती, पण फक्त नाव आणि चेहरा वापरायची. फोटो या फोटोग्राफरने कार्यक्रमात स्वतःहून काढलेला, कोणी पैसे दिले नव्हते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मालकी त्याचीच. त्याचं म्हणणं रास्त होतं. काम थांबवलं, धुळे गाठलं.

करारात फोटो, नग, रॉयल्टीचे टक्के लिहिले. मुदत आणि प्रदेशही आठवणीने लिहिला. नाही लिहिला तर कायदा ५ वर्षं आणि अख्खा भारत धरतो. लेबलवर त्याचं नाव घातलं. रात्री छपाई सुरू झाली.